वेफरची रांग कोण लावते? फाउंड्री कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
करारावर चिप बनवून देणाऱ्या फाउंड्री कंपन्यांची संचालक मंडळे आणि कारखानाप्रमुख. त्यातही स्वतःच्या चिप विकता विकता इतरांच्याही बनवून देऊ पाहणाऱ्या कंपन्या.

स. न. वि. वि.

आपल्या सादरीकरणाच्या पहिल्या दोन-तीन पानांत एक वाक्य हमखास असते: ‘आम्ही ग्राहकाशी स्पर्धा करत नाही.’ ज्यांना ते म्हणता येत नाही ते म्हणतात, ‘आमच्या दोन विभागांमध्ये भक्कम भिंत आहे.’ हे पत्र त्या भिंतीबद्दल कमी आणि रांगेबद्दल जास्त आहे. वेफर, म्हणजे चिप कोरलेली सिलिकॉनची चकती, विकत घेणारा आमच्यासारखा माणूस आराखड्याच्या चोरीची काळजी करतो हे खरे, पण त्याची झोप उडते ती दुसऱ्याच प्रश्नाने: कारखान्यात यंत्रे कमी पडतील त्या दिवशी आपला लॉट, म्हणजे वेफरचा गठ्ठा, कुणाच्या मागे उभा राहणार?

चोरीचे आधी उरकून घेऊ. 1987 मध्ये मॉरिस चँग यांनी तैवानमधल्या शिंचूत टीएसएमसी सुरू केली, तेव्हा स्वतःच्या नावाची चिप विकायचीच नाही हे धंद्याचे मूळ सूत्र होते. आधीपासून स्वतःची उत्पादने असलेल्या कंपनीला हा रस्ता मोकळा नाही. सॅमसंगने 2017 मध्ये फाउंड्रीचा स्वतंत्र विभाग केला. इंटेलने 2021 मध्ये बाहेरच्या ग्राहकांना रीतसर दार उघडले आणि 2024 पासून फाउंड्रीचा ताळेबंद वेगळा दाखवायला सुरुवात केली; त्यात 2023 सालचा सुमारे 7 अब्ज डॉलरचा तोटाही लपवला नाही. पावले बरोबर आहेत. गुपिते पळवली जातात हेही खोटे नाही: मायक्रॉन या स्मृतिचिप कंपनीच्या व्यापारी गुपितांच्या प्रकरणात तैवानची फाउंड्री यूएमसीने 2020 मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल करून 6 कोटी डॉलर दंड भरला. पण चिपचा आराखडा साठवणाऱ्या, अब्जावधी बहुभुजांच्या ओएसिस फाइलमधून स्पर्धकाला कामाचे काही शोधायचे तर महिने जातील. त्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि कामाची गोष्ट तुमच्या नियोजन विभागात उघडी पडलेली असते, ती म्हणजे आमच्या मागणीचा अंदाज. कोणत्या महिन्यापासून किती वेफर लागणार हे कळले की नवे उत्पादन बाजारात कधी येणार, किती विकले जाण्याची अपेक्षा आहे, जुने कधी बंद होणार, सगळे कळते. म्हणून भिंत आराखड्याच्या फाइलींभोवती बांधून भागणार नाही, ती अंदाजाच्या तक्त्याभोवतीही हवी. नियोजकाला सांकेतिक क्रमांक आणि वेफरसंख्या एवढेच दिसावे. तो तक्ता कोणी, कधी उघडला याची नोंद दर तिमाहीला आम्ही नेमलेल्या लेखापरीक्षकाला पाहायला मिळावी.

आता रांग.

25 वेफरचा एक लॉट बंद डब्यात, म्हणजे फूपमध्ये, छताखालच्या रुळांवरून यंत्रामागून यंत्रे पालथी घालत फिरतो. प्रगत प्रक्रियेत मास्कचे, म्हणजे चिपची नक्षी उमटवणाऱ्या साच्यांचे, 60 ते 80 थर असतात आणि दर थरामागे साधारण एक ते दीड दिवस जातो. 70 थर, थराला 1.2 दिवस धरले तरी 84 दिवस झाले. यातला प्रत्यक्ष यंत्रात जाणारा वेळ निम्म्याहून कमी, बाकीचा सगळा ताटकळण्यात जातो. हे ताटकळणे सरळ रेषेत वाढत नाही. रांगेचे सगळ्यात साधे गणित घ्या: एक यंत्र, अनियमित आवक. यंत्र 80 टक्के व्यग्र असेल तर सरासरी प्रतीक्षा एका कामाच्या वेळेच्या 4 पट, 90 टक्क्यांवर 9 पट, 95 टक्क्यांवर 19 पट. खरा कारखाना याहून गुंतागुंतीचा असतो, पण वळण हेच. कोट्यवधी डॉलरची यंत्रे रिकामी ठेवणे तुम्हाला परवडत नाही, म्हणून तुम्ही कायम याच वळणाच्या उभ्या चढावर चालता. तिथे एखादा लॉट पुढे काढणे म्हणजे बाकीच्या सगळ्यांना मागे ढकलणेच.

पुढे काढलेल्या त्या लॉटला आपण सगळेच हॉट लॉट म्हणतो. तो येण्याआधी यंत्र मोकळे करून ठेवावे लागते. उभ्या भट्टीत एका वेळी शंभराहून अधिक वेफर बसतात, पण हॉट लॉटसाठी ती 25 वरच पेटवावी लागते. लिथोग्राफीत, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवताना, मास्क बदलून यंत्राची घडी मोडते. हे नुकसान ज्याने घाई केली त्याच्या खात्यावर पडत नाही, रांगेतल्या इतरांमध्ये वाटले जाते. आणि मागे पडलेला लॉट फक्त वेळ गमावतो असेही नाही. काही पायऱ्यांमध्ये किती तास जावेत याची मर्यादा असते. धुतलेल्या सिलिकॉनवर हवेतल्या प्राणवायूने पातळ ऑक्साइड चढू लागते, उघडे तांबे गंजते. मर्यादा उलटली की तो लॉट पुन्हा धुवा किंवा भंगारात टाका. म्हणजे दुसऱ्याच्या घाईने आमचा उताराही, चांगल्या निघणाऱ्या चिपचे प्रमाणही, घटतो. आम्हाला मात्र कळते ते एवढेच: ‘लॉट आठ दिवस उशिरा येत आहे.’

स्वतःच्या उत्पादन विभागाला ही घाई फुकट मिळत असेल तर काय होते, याचे उत्तर इंटेलनेच दिले आहे. जून 2023 मध्ये गुंतवणूकदारांना अंतर्गत फाउंड्रीची रचना समजावताना कंपनीने सांगितले की उत्पादन विभागांना हॉट लॉटचे पैसे मोजावे लागले की त्यांची घाई आपोआप कमी होईल आणि त्यातून वर्षाला 50 कोटी ते 1 अब्ज डॉलर वाचू शकतील. हा आकडा बचतीचा म्हणून मांडला गेला. आम्ही तो उलटा वाचतो: घरच्यांच्या घाईची किंमत एवढी होती. त्या रांगेत बाहेरचा ग्राहक उभा असता तर त्यातला वाटा त्याने उचलला असता, आणि त्याला पत्ताही लागला नसता.

तेव्हा आमची पहिली मागणी. दर आठवड्याला, प्रत्येक प्रक्रियेसाठी, चार आकडे द्या: चालू लॉटमध्ये हॉट लॉट किती टक्के; त्यातले घरचे किती, बाहेरचे किती; मास्कच्या थरामागे लागलेले सरासरी दिवस, घरचे आणि बाहेरचे वेगवेगळे; आणि त्याच दिवसांचा 95 वा शतमक, म्हणजे शंभरातले 95 लॉट ज्याच्या आत येतात तो आकडा. शेवटचा आकडा विसरू नका, कारण सरासरीच्या पोटात बरेच काही दडते. दहा लॉट वेळेवर आणि एक महिनाभर अडकलेला, तरी सरासरी साजरी दिसते. आणि नेमका तो एकच लॉट आमचा असतो. आकड्यांत ग्राहकांची नावे नकोत. कारखाना चालवणाऱ्या संगणक प्रणालीत कोणता लॉट कोणत्या क्षणी कोणत्या नियमाने पुढे गेला हे आधीच नोंदलेले असते, त्यामुळे नवी यंत्रणाही उभारायची नाही. तुटवडा पडला तर वाटप करारातल्या बांधील वेफरसंख्येच्या प्रमाणात होईल, घरच्या विभागालाही तोच नियम, हे वाक्य करारात हवे. तोंडी आश्वासन नको.

रांग फक्त वेफरची नसते, माणसांचीही असते. उतारा सुधारणारे अनुभवी अभियंते मोजके. बिघाड शोधायचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मोजके. आमच्या चिपमध्ये एका वाहकछिद्राचा (दोन थर जोडणाऱ्या छिद्राचा) प्रश्न आणि तुमच्या स्वतःच्या प्रोसेसरमध्ये दुसऱ्याचा, दोन्ही एकाच दिवशी उपटले, तर सोमवारी सकाळी कुणाचा नमुना आधी कापला जातो? बिघाड शोधणाऱ्या विभागाचे वेळापत्रकही याच आकड्यांत धरावे.

उताऱ्याबद्दल बोलताना आपण सर्वजण ताकाला जाऊन भांडे लपवतो. ‘उतारा अपेक्षेप्रमाणे आहे’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. अमुक टक्के उतारा हा आकडाही चिपच्या आकाराशिवाय निरर्थक आहे. हिशेब करून पाहा. 300 मिमी वेफरवर 10 मिमी बाय 10 मिमीच्या साधारण 640 चिप बसतात. दर चौरस सेंटीमीटरला 0.1 दोष असेल तर प्वासाँच्या साध्या संभाव्यता-सूत्राने 90 टक्के, म्हणजे सुमारे 579 चिप चांगल्या निघतात. दोषघनता 0.5 असेल तर सुमारे 61 टक्के, म्हणजे 388. वेफरची किंमत तीच, पण चांगली चिप दीडपट महाग. आता 800 चौरस मिमीची मोठी चिप घ्या. वेफरवर जेमतेम 64 बसतात. 0.1 वर त्यातल्या 29 चांगल्या, 0.5 वर एखादीच. मोठ्या चिपमध्ये राखीव भाग ठेवून काही दोष पचवता येतात हे खरे, पण त्या राखीव भागाचा निर्णय आराखडा सुरू होतानाच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी दोषघनता कुठल्या वेगाने खाली येणार हे तेव्हाच माहीत हवे. तुमच्या छोट्या चाचणी चिपचा 90 टक्क्यांचा आकडा दाखवून मोठ्या चिपच्या ग्राहकाला धीर देऊ नका. दोषघनता द्या, ती कोणत्या सूत्राने काढली ते सांगा, किती लॉटवरून काढली ते सांगा, आणि मागच्या चार तिमाहींचा आलेख जोडा.

हाच मुद्दा किमतीतही उतरतो. वेफरच्या दराने विकता तेव्हा उताऱ्याचा सगळा धोका आमच्या डोक्यावर, चांगल्या चिपच्या दराने विकता तेव्हा तुमच्या. प्रक्रिया कोवळी असताना तिचे बटण तुमच्या हातात असते, आमच्या नाही. म्हणून दोषघनता ठरलेल्या रेषेखाली येईपर्यंत चांगल्या चिपचा दर आणि त्यानंतर वेफरचा दर, असा दोन टप्प्यांचा करार आम्हाला न्याय्य वाटतो. स्वतःच्या आलेखावर तुमचा भरवसा असेल तर यात अवघड काही नाही.

पीडीकेबद्दल, म्हणजे आराखड्यासाठी तुम्ही देता त्या नियमांच्या आणि प्रतिमानांच्या संचाबद्दल, थोडे. 0.5 आवृत्तीवर आम्ही आराखडा सुरू करतो आणि 1.0 वर तो मास्कसाठी पाठवतो. मधल्या काळात उतारा सावरायला तुम्ही एखादे अंतर सैल करता, एसरॅम या स्मृतीची पेशी किंचित वाढवता. तुमच्या दृष्टीने नियमांच्या पुस्तकातली एक ओळ बदलली. आमच्याकडे तयार घटकांचे संपूर्ण ग्रंथालय नव्याने आखावे लागते, चिपचे क्षेत्रफळ वाढते, वेळेचे विश्लेषण पहिल्यापासून करावे लागते. असे बदल होणारच, तक्रार त्याबद्दल नाही. घरच्या आराखडा विभागाला हे बदल जेवणाच्या टेबलावर कळतात आणि आम्हाला पुढच्या आवृत्तीत, ही तक्रार आहे. पीडीके, त्यातल्या चुकांची यादी आणि अनौपचारिक टिपणे सर्वांना एकाच दिवशी मिळावीत. शिवाय प्रतिमान आणि प्रत्यक्ष सिलिकॉन यांचा मेळ दाखवा: वेफरच्या कापणीरेषेतल्या रिंग ऑसिलेटर या चाचणी मंडलाची मोजलेली वारंवारता, शेजारी स्पाइस या संगणकी नकलेने वर्तवलेली, मंद, मध्यम आणि जलद ट्रान्झिस्टरच्या तिन्ही कोपऱ्यांत. नॅनोमीटरचे नाव सांगू नका. त्या आकड्याशी चिपमधल्या कुठल्याही लांबीरुंदीचे नाते उरलेले नाही, आणि 2021 मध्ये इंटेलने 10 नॅनोमीटरच्या सुधारित प्रक्रियेचे नाव ‘इंटेल 7’ केले तेव्हा ही पाटी किती सहज बदलता येते ते सर्वांनीच पाहिले.

दुसरा कारखाना शोधा, असे कोणी म्हणेल. 2015 मध्ये ॲपलने ए-9 ही एकच चिप सॅमसंगच्या 14 आणि टीएसएमसीच्या 16 नॅनोमीटर प्रक्रियेवर बनवून घेतली. एक सुमारे 96 चौरस मिमीची निघाली, दुसरी सुमारे 104.5. नाव एक, आराखडे दोन, मास्कचे संच दोन, पात्रता चाचण्याही दोनदा. हा खर्च मोजकेच पेलू शकतात. बाकीच्यांचा एकदा पीडीके ठरला की पुढची पाच-सात वर्षे ठरली. निघून जाण्याचा पर्याय नाही म्हणून तर माहितीचा आग्रह.

प्रक्रियेतला बदल कळवण्याबाबत लेखी मानक आहे: जेडेक या मानक संस्थेचे जे-एसटीडी-046. मोठा बदल अमलात आणण्याच्या किमान 90 दिवस आधी सूचना द्यायची. ग्राहकाने 30 दिवसांत पोच दिली नाही तर त्याला बदल मान्य आहे असे धरले जाते. या शेवटच्या कलमाचा सोयीस्कर वापर होतो. सूचना खरेदी विभागाच्या एखाद्या जुन्या पत्त्यावर जाते, 30 दिवस उलटतात, आणि बदल मान्य झालेला असतो. दुसरी पळवाट ‘मोठा’ या शब्दात आहे. फोटोरेझिस्टचा, म्हणजे प्रकाशाने बदलणाऱ्या लेपाचा, पुरवठादार बदलला, घासणीचा द्राव बदलला, कोरणीच्या यंत्रात नवा कक्ष जोडला: तुमच्या लेखी किरकोळ. पण ज्या चिपची पात्रता तीन लॉट, प्रत्येकी 77 नग, 1000 तासांची तापचाचणी आणि शून्य बिघाड या निकषावर ठरली आहे, तिच्यासाठी किरकोळ काय हे ग्राहकच ठरवू शकतो. तसे पाहिले तर 231 नगांत शून्य बिघाड, एवढ्यावरून 90 टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण 1 टक्क्याहून कमी आहे. दहा लाखांत एखादाच बिघाड चालणाऱ्या वाहनांच्या चिपला बाकीचे आश्वासन मिळते ते प्रक्रिया न बदलण्यातून. म्हणून किरकोळ बदलांचीही मासिक यादी द्या, आणि प्रत्येक वेफरचा प्रवास द्या: कोणते यंत्र, कोणता कक्ष, कोणती तारीख. यंत्रांची खरी नावे सांकेतिक करा, हरकत नाही. तीन महिन्यांनी बाजारातून सदोष चिप परत आल्या की त्या सगळ्या एकाच कक्षातून गेल्या का, हे पाहणे ही शोधाची पहिली पायरी असते, आणि ती माहितीच नसेल तर आम्ही अंधारात चाचपडतो.

अपघात सगळ्यांकडे होतात. ऑगस्ट 2018 मध्ये टीएसएमसीत नवे यंत्र जोडताना संगणक-विषाणूची तपासणी राहून गेली आणि वॉनाक्राय या विषाणूच्या एका प्रकाराने कारखाने थांबवले. पुढच्याच जानेवारीत फोटोरेझिस्टच्या एका खेपेतल्या घटकावर चुकीची प्रक्रिया झाल्याने त्या फोटोरेझिस्टमध्ये नको असलेला बहुवारिक (पॉलिमर) तयार झाला आणि वेफर बिघडले. दोन्ही वेळा कंपनीने कारण सांगितले. दुसऱ्या वेळी तिमाही महसुलाला सुमारे 55 कोटी डॉलरचा फटका बसेल असेही जाहीर केले. ग्राहक पळाले नाहीत. आमच्या मते याचे बरेचसे श्रेय त्या स्पष्टपणाला जाते. उलट, दोष उशिरा कळण्याचा हिशेब असा: आठवड्याला 1000 वेफर चालू असतील आणि दोषाची पायरी ते विद्युत चाचणी यांत पाच आठवडे असतील, तर कळेपर्यंत 5000 वेफर त्याच यंत्राखालून गेलेले असतात. तुम्हाला संशय आला त्या दिवशी आम्हाला कळले, तर आम्ही निदान जोडणी आणि आवरणाचा खर्च थांबवू शकतो. पक्के कारण सापडेपर्यंत वाट पाहिलीत तर वरातीमागून घोडे. आमची मागणी 24 तासांची आहे: संशयित लॉटचे क्रमांक तेवढे कळवा, कारणे मागाहून.

पुढच्या वाटचालीच्या वचनांबद्दल लिहिणे अवघड आहे, कारण तिथे दोन्ही बाजू एकमेकांकडे पाहत बसतात. ग्लोबलफाउंड्रीजने ऑगस्ट 2018 मध्ये 7 नॅनोमीटरचे काम थांबवले. तिची ग्राहक एएमडीने सगळा 7 नॅनोमीटरचा माल टीएसएमसीकडे नेला. इंटेलच्या 14 नॅनोमीटरवर 2013 मध्ये विसंबलेल्या अल्टेरा या चिप कंपनीला 2015 मध्ये इंटेलनेच विकत घेतले. तिच्या स्पर्धकांनी त्यानंतर त्या दाराकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल ते सांगायला नको. आणि जुलै 2025 मध्ये इंटेलने जाहीर केले की मोठा बाहेरचा ग्राहक मिळाला नाही तर 14ए ही प्रक्रिया थांबवावी किंवा सोडून द्यावी लागेल. प्रामाणिक विधान आहे, पण त्याने कोंडी सुटत नाही: प्रक्रिया टिकेल याची खात्री नाही म्हणून ग्राहक येत नाही, ग्राहक येत नाही म्हणून खात्री देता येत नाही. यावर आम्हाला दिसणारा एक उपाय म्हणजे प्रक्रिया सोडलीत तर आमच्या आराखड्याच्या स्थलांतराचा ठरलेला खर्च तुम्ही द्यायचा, आणि आम्ही पाठ फिरवली तर बांधील वेफरचे पैसे आम्ही. दुसऱ्या बाजूचा दाखला जुनाच आहे: ठरलेले वेफर न उचलण्यासाठी एएमडीने 2012 मध्ये ग्लोबलफाउंड्रीजला 32 कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

आमच्या बाजूची चूकही नोंदवतो. 2021 च्या तुटवड्यात अनेक ग्राहकांनी एकाच गरजेची मागणी दोन-तीन ठिकाणी नोंदवली, आणि साठा भरल्यावर ती हळूच काढून घेतली. असे फुगवलेले अंदाज पाहिल्यावर नियोजकाने स्वतःच्या मनाने कात्री लावली तर त्याला दोष देता येत नाही. आम्ही अंदाजाबरोबर आमच्या गोदामातला साठा आणि इतरत्र नोंदवलेली मागणी कळवायला तयार आहोत, अर्थात तो तक्ता वर सांगितलेल्या भिंतीआड राहणार असेल तर.

राहता राहिले मास्क. पैसे आमचे, पण प्रकाशीय सुधारणा तुमच्या यंत्रांनुसार केलेली, त्यामुळे ते दुसरीकडे नेऊन चालत नाहीत आणि तुमच्या कपाटात पडून राहतात. करार संपल्यावर ते किती महिने ठेवणार, शेवटच्या खरेदीला किती मुदत देणार, नष्ट केल्याचे प्रमाणपत्र कोण सही करून देणार, हे बहुतेक करारांत मोघम असते. उत्पादन बंद करण्याबाबतच्या जेडेकच्या जे-एसटीडी-048 मध्ये शेवटच्या मागणीसाठी किमान 6 महिने आणि शेवटच्या पाठवणीसाठी किमान 12 महिने आहेत. वाहने आणि वैद्यकीय उपकरणांच्या चिपसाठी आम्हाला यापेक्षा दुप्पट मुदत हवी आहे. या मागण्यांच्या पुरवणी कराराचा मसुदा आणि वर मागितलेल्या चार आकड्यांचा पहिला तक्ता पुढच्या तिमाही आढाव्याच्या आधी मिळावा, ही विनंती.

आपले,
वेफर विकत घेणारे चिप-आराखडा अभियंते आणि पुरवठा नियोजक